गोल्फची वही : एकही रुपया न लावता लावलेल्या पैजा

३० मार्च २०२५, पाडवा
पाडव्याला लोक गाडी बुक करतात, आम्ही गूगल शीट उघडली. बरेच दिवस डोक्यात किडा होता की गोल्फच्या मोठ्या टूर्नामेंटवर बाहेरच्या देशात जे भाव निघतात ते निघतात कसे, आणि शिरोलीच्या फाउंड्रीत क्वालिटी बघणाऱ्या माणसाला तेच गणित घरी बसून जमेल का. गोल्फ मी आयुष्यात खेळलेलो नाही. २०२१ ला अदिती अशोक टोकियोत पदकाच्या दारात होती तेव्हा शनिवारी पहाटे उठून बघितलं, ती चौथी आली, पदक गेलं पण मला नाद लागला तो लागलाच.

नियम एकच. खरा पैसा नाही. एक तर आपल्याकडं १८८७ पासूनचा जुगारबंदीचा कायदा आहे, आणि दुसरं म्हणजे घरात मेव्हणा आहे, त्याला जर कळलं की दाजीकडं "सिस्टीम" आहे तर संपलंच. म्हणून दोनशे पानी वही आणली, सुरुवातीला १०,००० पॉइंट, प्रत्येक पैज सपाट १०० ची. भाव बातम्यांत छापून येतात तेवढेच घ्यायचे आणि पहिला खेळाडू टी-ऑफ करायच्या (पहिला फटका मारायच्या) आधी शाईपेनानं लिहायचे. पेन्सिल नको. मला माझा स्वभाव माहीत आहे.

५ एप्रिल
मॉडेलचा सांगाडा उभा राहिला. पाया स्ट्रोक्स गेन्डचा. कोलंबिया विद्यापीठातल्या मार्क ब्रॉडी नावाच्या प्रोफेसरनं हे काढलं आणि पीजीए टूरनं (अमेरिकेतली प्रो खेळाडूंची स्पर्धांची मालिका) २०११ पासून पटिंगसाठी, म्हणजे होलजवळ चेंडू ढकलून आत घालण्यासाठी, वापरायला घेतलं. कल्पना सोपी आहे, अमुक अंतरावरून होलपर्यंत जायला सरासरी किती शॉट लागतात हे माहीत असेल तर प्रत्येक शॉटनं तू सरासरीपेक्षा किती कमावलंस किंवा घालवलंस ते निघतं. मग त्याचे चार डबे, टी वरचा म्हणजे होलची सुरुवात करणारा शॉट, अप्रोच म्हणजे ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक गवतावर) आणणारा, ग्रीनच्या आजूबाजूचे आणि पटिंग.

इथं फाउंड्रीतलं डोकं कामाला आलं. एखाद्या शिफ्टला ब्लोहोलचं (कास्टिंगमधल्या हवेच्या पोकळीचं) रिजेक्शन कमी आलं म्हणून आपण लगेच त्या सुपरवायझरला हार घालत नाही, दोन-तीन आठवडे बघतो. पटिंगचं तसंच आहे, एक आठवडा चेंडू होलमध्ये पळतोय आणि पुढच्या आठवड्यात तोच माणूस चार फुटावरनं चुकतोय. अप्रोच त्यामानानं टिकतं. म्हणून पटिंगचे आकडे सरासरीकडं जोरात ओढले, अप्रोचचे कमी. चांगल्या प्रोचा एका राउंडचा (१८ होलचा) स्कोअर साधारण पावणेतीन शॉटनं वर-खाली होतो असं धरलं, चार राउंडला, म्हणजे अख्ख्या टूर्नामेंटला, तोच फरक दुप्पट म्हणजे साडेपाच. चौपट नाही, दुप्पट. मी आधी चौपट केलेला आणि मॉडेल म्हणायला लागलं की कुणीही जिंकू शकतं, कोल्हापूर महापालिकेचा क्लार्कसुद्धा.

पायथनमध्ये दहा हजार वेळा टूर्नामेंट खेळवायला जुन्या लॅपटॉपवर चहा होऊन कप धुवून होतो.

९ एप्रिल
मास्टर्सचे (वर्षातल्या चार मोठ्या टूर्नामेंट म्हणजे मेजर, त्यातली पहिली, ऑगस्टाला होणारी) भाव वहीत घेत होतो तेवढ्यात मामा आले. मामा तरुणपणी मटक्याची चिठ्ठी लिहायचे, ते आता देवळात जातात पण आकडा दिसला की डोळे चमकतात. म्हणाले, "काय लिवलायस लेका?" सांगितलं. स्कॉटी शेफलरचा भाव पाचाच्या आसपास, रोरी मॅक्इलरॉय सातच्या आसपास, खाली खाली शंभर, दोनशे, पाचशे.

मामा म्हणाले, सगळ्यांची बेरीज कर. म्हणजे प्रत्येकाचं १ भागिले भाव, ती त्या भावातली जिंकायची शक्यता (भाव ५ म्हणजे १०० लावले तर ५०० परत, शक्यता २० टक्के), आणि मग सगळ्या खेळाडूंची बेरीज. खरं तर ती १०० यायला पाहिजे कारण जिंकणार एकच. माझी आली १४० च्या पुढं. मग मामांनी मटक्याचं सांगितलं. आकडे दहा, लागला तर एकाला नऊ. जोड्या शंभर, लागली तर नव्वद. म्हणजे बेरीज १११. शंभर रुपये फिरले तर नव्वद लोकांकडं परत, दहा धंद्याला. आणि माझ्या ह्या गोऱ्या लोकांच्या कायदेशीर, टाय लावलेल्या बाजारात शंभरातले सत्तर-एकाहत्तर परत.

"म्हंजे मटक्यापेक्षा वंगाळ हाय की हे. आमच्या आदीची माणसं न्यूयॉर्कच्या कापसावर लावायची, तू गवतावर लाव."

मला हे आधी कळायला पाहिजे होतं. फॉर्म, हवा, कोर्स सगळं बघत बसलो आणि दुकानदाराचं कमिशन बघितलंच नाही. दोन खेळाडूंच्या आमनेसामनेच्या भावात बघितलं तर दोघांना १.९१, म्हणजे बेरीज १०५ च्या आत. तिथं मार कमी आहे. ठरवलं, विजेत्यावरच्या पैजा मॉडेल तपासायला लिहायच्या पण खरी परीक्षा आमनेसामनेवर.

मामांनी जाता जाता वहीच्या मागच्या पानावर स्वतःचं खातं काढलं. टीव्हीवर एकदा टॉमी फ्लीटवूडला बघितलेला, लांब केस, मिशी-दाढी, हसरा चेहरा. "ह्यो माझा. जिथं उतरंल तिथं शंभर." मी सांगितलं, मामा ह्यानं अमेरिकेत पीजीए टूरवर एकदाही जिंकलेलं नाही. म्हणाले, मग आता जिंकंल की.

१२ एप्रिल
जोतिबाची यात्रा. सगळं घर वाडी रत्नागिरीला, सासनकाठ्या, गुलाल, चांगभलं. मोबाईलला रेंज नाही, तिसऱ्या राउंडचा स्कोअर रात्री घरी आल्यावर गुलालाच्या बोटांनी बघितला. एक बग सापडला, मी कट (दोन राउंडनंतर पुढं खेळायला किती जण उरतात तो आकडा) सगळीकडं ६५ आणि बरोबरीवाले असा लिहून ठेवलेला, तो पीजीए टूरच्या नेहमीच्या स्पर्धांचा. मास्टर्सला ५०, यूएस ओपनला ६०, पीजीए चॅम्पियनशिप आणि ब्रिटिश ओपनला ७०. दुरुस्त केला. "कट पार करेल का" वरच्या माझ्या चार पैजा ह्या चुकीच्या आकड्यावर लिहिल्या गेल्यात, शाई आहे, खोडता येत नाही.

१४ एप्रिल
आंबेडकर जयंतीची सुट्टी होती म्हणून वाचलो. ऑगस्टा आपल्या साडेनऊ तास मागं, त्यांची रविवारची संध्याकाळ म्हणजे आपली सोमवारची पहाट, पावणेपाचला झोपलो.

रोरी जिंकला. प्लेऑफमध्ये (बरोबरी झाल्यावरचा जादा खेळ) जस्टिन रोजला पहिल्याच होलला बर्डी (पार म्हणजे ठरलेल्या शॉटपेक्षा एक कमी) मारून. सहावा माणूस ज्यानं चारही मेजर जिंकल्या. पण ज्या पद्धतीनं जिंकला ते मॉडेलमध्ये कुठल्या रकान्यात टाकू? दोन शॉटची आघाडी घेऊन उतरला आणि पहिल्याच होलला डबल बोगीनं (बोगी म्हणजे पारपेक्षा एक जास्त, डबल म्हणजे दोन) घालवली, तेराव्याला छोटा वेज शॉट पाण्यात, अठराव्याला पाच फुटाचा पट चुकला, तो बसला असता तर प्लेऑफच नव्हता. ७२, ६६, ६६, ७३. रोजचे ६५, ७१, ७५, ६६. दोघांची बेरीज २७७. माझ्या दहा हजार खेळांत रोरी दहातल्या एकदा जिंकत होता, म्हणजे मॉडेलला धक्का नाही, पण धक्का मला बसला, की एक पट इकडं तिकडं झाला असता तर मी आज रोजचं कौतुक लिहीत बसलो असतो आणि आकडे तेच राहिले असते.

वही: विजेत्यावरच्या सहा पैजा, सहाही गेल्या. रोरी घेतलाच नव्हता, भाव माझ्या हिशोबात महाग होता. आमनेसामने आठपैकी पाच. कटच्या चारपैकी तीन बुडाल्या.

१९ मे
पीजीए चॅम्पियनशिप, क्वेल हॉलो. शेफलर पाच शॉटनं. जॉन रॅम शेवटच्या दिवशी आघाडीला बरोबरीत आलेला आणि शेवटच्या तीन होलना बोगी, डबल, डबल.

आजचा धडा वेगळाच. ब्रायसन डीशॅम्बोवर "पहिल्या तीनमध्ये" लिहिलेलं, भाव पाच. तो दुसरा आला, म्हणजे १०० चे ५०० झाले म्हणून मी वहीत लिहूनही टाकलं. पण दुसरा एकटा नाही, डीशॅम्बो, हॅरिस इंग्लिश आणि डेव्हिस रायली तिघं बरोबरीत. जागा उरल्यात दोन (दुसरी, तिसरी), माणसं तीन. मग डेड हीटचा नियम लागतो, तुमची पैज दोन-तृतीयांशच धरायची. १०० चे ६६.६७ आणि त्याला पाचपट, ३३३. एका वाक्यानं १६७ पॉइंट गेले.

गोल्फमध्ये बरोबरी अपवाद नाहीच, ती रोजची आहे. आणि माझं सिम्युलेशन बरोबरीतल्या सगळ्यांना "लागली" धरत होतं. म्हणजे पहिल्या तीन, पाच, दहाच्या सगळ्या शक्यता मी दीड महिना फुगवून बघतोय आणि म्हणतोय मला फायदेशीर भाव सापडले. आयला. कोड बदलला, एप्रिलपासूनचं सगळं परत चालवलं, "फायदेशीर" पैजांतल्या निम्म्याच्या वर उडाल्या.

२ जून
मेव्हण्यानं वही बघितली.

नको ते झालंच. "दाजी, हे एवढं करून नुसते पॉइंट?" त्याला समजावलं, वहीत सध्या ९,१०० च्या खाली आहे, म्हणजे "सिस्टीम" तोट्यात आहे. तो म्हणतो तुम्ही घाबरून खेळता.

१६ जून
ओकमाँट, यूएस ओपन. बाहेर धो धो पाऊस, तिकडंही पाऊस, खेळ दीड तासावर थांबलेला. जे. जे. स्पॉन जिंकला, सगळ्या टूर्नामेंटमध्ये पारच्या खाली संपवणारा एकटाच, एक खाली. पहिल्या सहा होलमध्ये पाच बोगी खाऊन माणूस संपला म्हणून मी आडवा झालो, उठून बघतो तर अठराव्या होलवर ६४ फुटावरनं पट घालून जिंकलेला.

भाव शंभरच्या वर होता. हाच स्पॉन मार्चमध्ये प्लेयर्स चॅम्पियनशिपला रोरीबरोबर प्लेऑफपर्यंत गेलेला, त्याचे अप्रोचचे आकडे चांगले होते आणि मॉडेल त्याला बाजारापेक्षा जरा वर धरत होतं. मी घेतला नाही. का? "स्पॉन काय यूएस ओपन जिंकतोय." हे मी शाईनं लिहून ठेवतोय.

पण घेतला असता तरी काय सिद्ध झालं असतं, हे रात्री गणित करून बघितलं. समजा मला अडीच टक्के शक्यतेचे खेळाडू सापडतात आणि बाजार त्यांना दोन टक्केच समजतोय, म्हणजे मी खरंच हुशार आहे. अशा ४० पैजा लावल्या तरी एकही न लागण्याची शक्यता ३६ टक्के. चाळीस पैजा म्हणजे माझं अख्खं वर्ष. म्हणजे हुशार माणूससुद्धा तीनातल्या एका वर्षी कोरडाच आणि मूर्खाला एक स्पॉन लागला की तो गल्लीत गुरू. निकालावरनं मॉडेल चांगलं की वाईट हे कळायला मला पंचवीस वर्षं पाहिजेत.

म्हणून आजपासून नवा रकाना, बंद भाव. मी सोमवारी घेतलेला भाव ३० आणि गुरुवारी खेळ सुरू होताना तो २४ झाला असेल तर बाजार माझ्या बाजूनं सरकला, मग तो जिंको न जिंको. हे दर आठवड्याला मोजता येतं.

२३ जून
मामांचा फ्लीटवूड. ट्रॅव्हलर्स, कनेक्टिकट. शेवटच्या होलवर एक शॉटनं पुढं, तिथं थ्री-पट (आत घालायला तीन पट लागले), किगन ब्रॅडलीनं बर्डी घातली, खेळ खलास. मामांना सकाळी फोन केला तर म्हणाले मला माहीत हाय, मी जागाच हुतो. सत्तरी पार माणूस साडेतीनपर्यंत जागा. मामी माझ्याशी बोलत नाहीत आता.

२१ जुलै
ब्रिटिश ओपन, पोर्टरश. ही टूर्नामेंट आपल्यासाठी बरी, पहिला शॉट त्यांच्या सकाळी ६:३५ ला म्हणजे आपले ११:०५, फाउंड्रीत चहाची वेळ. शेफलर ६८, ६४, ६७, ६८, सतरा खाली, चार शॉटनं. बघायला कंटाळवाणं आणि मॉडेलला गोड. हा माणूस सरासरीच्या राउंडला अडीच-पावणेतीन शॉट पुढं असतो, चार राउंडला दहा-अकरा, तरीही माझं मॉडेल त्याला पाचातल्या एकदाच जिंकवतं. लोकांना वाटतं एवढा चांगला आहे तर निम्म्या वेळा जिंकावा. दीडशे माणसं, सगळी वर-खाली होणारी, त्यातलं कुणीतरी त्या आठवड्यात वर असतंच.

बंद भाव रकाना: आमनेसामनेच्या २२ पैजांपैकी नऊ माझ्या बाजूनं सरकल्या, अकरा विरुद्ध, दोन जागेवर. म्हणजे बाजाराला जे माहीत आहे तेच मला उशिरा कळतंय.

११ ऑगस्ट
मेम्फिस. फ्लीटवूड शेवटच्या तीन होलला दोन शॉटनं पुढं होता. पुढचं लिहीत नाही. जस्टिन रोज प्लेऑफमध्ये जिंकला, स्पॉनला हरवून. मामांच्या खात्यात सात पैजा, उणे ७००. म्हणाले, "तालमीत बी असा पैलवान असतोय, समदी जोड मारतोय आन् फायनलला चितपट. पर एक दिस मारतोय."

मी मॉडेलला विचारलं, फ्लीटवूडला "दबावात गळतो" म्हणून काही दंड लावू का. आकड्यांत तसं काही दिसत नाही, दोन-चार रविवार म्हणजे काहीच नमुना नाही. लावला नाही.

२२ ऑगस्ट
दोन गोष्टी.

एक, मेव्हणा परवा रात्री आला, तोंड उतरलेलं. कुठल्यातरी मेसेजच्या ग्रुपवरनं एक ॲप घेतलं होतं, गोल्फ, टेनिस, काय पाहिजे ते, पहिल्यांदा जिंकवलं, काढायला गेला तर म्हणे आधी तेवढेच भरा मग सगळे निघतील. भरले. निघाले नाहीत. रक्कम इथं लिहीत नाही, बायको ही वही वाचते. तो माझ्या मॉडेलचे आकडे बघून लावत होता, हे त्यानं शेवटी सांगितलं. आणि कुठले, तर मे महिन्यातले, डेड हीटची चूक दुरुस्त करायच्या आधीचे.

दुसरं, ऑनलाइन मनी गेमवर बंदीचा कायदा. २० ला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत, आज राष्ट्रपतींची सही. पैसे लावून खेळायचं असेल तर कौशल्याचा खेळ असो नाहीतर नशिबाचा, चालवणाऱ्याला तीन वर्षं कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. वकील मित्राला मेव्हण्याच्या पैशाचं विचारायला फोन केला, तो आधीच हवेत, कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच १८ तारखेपासून सुरू झालंय, चाळीस वर्षांची मागणी, कोल्हापुरातल्या प्रत्येक वकिलाची छाती दोन इंच वाढलीय. म्हणाला सायबर पोलिसांत १९३० वर तक्रार आजच कर, उशीर केलास की पैसे चार खात्यांतनं फिरून जातात. दोघं जाऊन करून आलो. आणि तुझी वही? म्हटलं पॉइंट आहेत. म्हणाला मग लिहीत बस, पण मेव्हण्याच्या हाताला लागेल अशी ठेवू नको.

कपाटात, बायकोच्या साड्यांच्या खाली.

२५ ऑगस्ट
पहाटे साडेतीनला फोन वाजला. मामा. काही बोलेनात, नुसते हसतायत.

ईस्ट लेक, टूर चॅम्पियनशिप. फ्लीटवूड, १८ खाली, तीन शॉटनं. पीजीए टूरवरच्या १६४व्या टूर्नामेंटमध्ये पहिला विजय. ह्या वर्षी तिथं क्रमवारीप्रमाणे आधीच शॉटची आघाडी घेऊन सुरुवात करायची भानगडही काढून टाकलेली, सगळे तीसजण शून्यापासून, कट नाही, माझ्या मॉडेलला एवढं सोपं मैदान वर्षात मिळालं नाही. मॉडेल काय म्हणालं? भाव योग्य आहे, पैज नाही. मी पैज नाही असं लिहिलं. मामांनी शंभर.

मामांचं उणे ७०० फिटून वर उरलं. माझं खातं ८,४४०.

गणपतीला दोन दिवस राहिलेत, मंडळाच्या पोरांना मामांनी खऱ्या पैशाचे पेढे वाटले, त्याचा हिशोब वहीत नाही.

२० ऑक्टोबर, नरक चतुर्दशी
पहाटे उटणं लावून अंघोळ, पण ह्या वेळी गोल्फसाठी जागायचं नव्हतं कारण टूर्नामेंट दिल्लीत होती. डीपी वर्ल्ड इंडिया चॅम्पियनशिप, दिल्ली गोल्फ क्लब, अरुंद फेअरवे (टी आणि ग्रीनमधला कापलेल्या गवताचा पट्टा) आणि दोन्ही बाजूला झाडी. रोरीनं तर ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायची काठी) वापरायचाच नाही असं ठरवलेलं. माझ्या मॉडेलमध्ये लांब मारणाऱ्याला जो हिस्सा मिळतो तो इथं कापायला पाहिजे हे बुधवारी कळलं, किती कापायचा ते कळलं नाही, अंदाजानं निम्मा केला. आणि निम्मा केल्यावर वर आलं कोण तर अप्रोचवाला फ्लीटवूड. पहिल्यांदाच मॉडेल आणि मामा एका पानावर. मी १००, मामा १००.

काल दुपारी २२ खाली, जपानच्या केईता नाकाजिमाला दोन शॉटनं मागं टाकून फ्लीटवूड जिंकला.

मामा फराळाला आले, चकली घेतली, वही मागितली. साड्यांखालनं काढून दिली. त्यांनी माझ्या पानावरची नोंद बघितली, चष्मा वर केला, म्हणाले, "तू का लावलंस?" मी अप्रोच, झाडी, ड्रायव्हर, निम्मा हिस्सा सगळं सांगितलं. त्यांनी दुसरी चकली घेतली. "आन् मी उगंच लावलं हुतं. भाव दोघास्नी योकच न्हवं?"

मेव्हणा शेजारी बसलेला, पहिल्यांदाच काही बोलला नाही. तक्रारीचं अजून काही आलेलं नाही.

करायचं राहिलं: कोर्सप्रमाणे ड्रायव्हरचा हिस्सा किती, हे अंदाजानं नको. बंद भावाचा रकाना डिसेंबरपर्यंत भरणे. दुसरी वही.